जांघेतली गाठ

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मूर्ख गोष्ट मी भर दुपारी, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून केली. एक फोन केला, बस. पण त्याआधी भीतीचं सांगायला हवं.

तेव्हा मी तिरोड्यात खताच्या दुकानात कामाला होतो. माझ्या खोलीच्या खाली शिवणक्लास होता. तो चालवणारी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, नवऱ्यापासून वेगळी झालेली, मागच्याच खोलीत एकटी राहायची. वर्षभर आम्ही जिन्यात उभं राहून बोलायचो. मला ती मनापासून आवडायची आणि लग्नाचं विचारायचं मी ठरवत होतो. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी आम्ही जवळ आलो. एकदाच. कंडोम होता, तो फाटला-बिटला नव्हता, हे मी स्वतः पाहिलं होतं. इथवर सगळं छान.

तिसऱ्या दिवशी घसा खवखवला आणि हा एड्स तर नाही ना, म्हणून मी मोबाइलवर शोधलं. तिथंच माती खाल्ली. लघवीला जळजळ होते असं वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मला जळजळ होऊ लागली. पुरळ शोधायला आरसा घेऊन बसायचो. जीभ बघायचो. ताप येत नव्हता, तर थर्मामीटर बिघडला म्हणून दुसरा आणला, त्यातही ताप नव्हता. दुकानात शेतकरी युरिया मागायचा आणि मी त्याच्यासमोर गळ्याखालच्या गाठी चाचपत उभा. तिनं जिन्यात हाक मारली की घाईत असल्याचं सोंग करायचो.

मग धानाची रोवणी निघाली आणि मी सुट्टी टाकून गावी गेलो. मजूर मिळत नव्हते, म्हणून सहा दिवस गुडघाभर चिखलात आम्ही घरचेच वाकलेलो. बरं वाटलं, कारण चिखलात मोबाइल नेता येत नाही. सातव्या दिवशी सकाळी उठलो तर उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ, दुखरी. आता मात्र माझी खात्रीच पटली. सुजलेल्या गाठी, हे तर मी शंभरदा वाचलं होतं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा धुऱ्यावरून तिला फोन लावला. मला गाठ आली आहे, असं सांगितलं. आणि मग, आजही लिहिताना लाज वाटते, मी विचारलं, "तुले काही आजार तर नाही ना? मायाआधी किती जण होते?"

तिनं फोन कट केला. मला तेव्हा त्यातही पुरावाच दिसला.

संध्याकाळी मी लंगडत घरी आलो. मायनं पाहिलं आणि विचारलं. मी आधी काही नाही म्हटलं, मग जांघेत गाठ आली एवढंच बोललो. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. तिनं गाठ पाहायलाही मागितली नाही. पाय दाखव म्हणाली. उजव्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या फुटून पू झाला होता. सहा दिवस चिखलात राहून ते होणारच, मी तिकडे बघितलंसुद्धा नव्हतं. सगळं अंग तपासलं, पाय सोडून.

"अवधान आलं हाये," माय म्हणाली. "पायाले जखम झाली का जांघेत गाठ येते. लहानपनी रडत मायाजवळ आला होता याच्यासाठी. आता काऊन लपवून राहिला?"

गरम पाण्यानं पाय धुऊन तिनं हळद-तेल लावलं. पाचव्या दिवशी गाठ बसली. घसा, जळजळ, सगळं तिच्याबरोबरच गेलं, म्हणजे बघा. तरी तिरोड्याला परतून, महिना भरल्यावर सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तुमच्या बाबतीत धोका जवळपास नव्हताच म्हणाल्या. रिपोर्ट चांगला आला. मी हवेत तरंगत दवाखान्याचा जिना उतरलो, थेट शिवणक्लासवर गेलो आणि अवधानाचा किस्सा हसत हसत सांगू लागलो.

ती हसली नाही. मशीनच्या खणातून तिनं तिचा रिपोर्ट काढून माझ्या रिपोर्टशेजारी ठेवला. तोही चांगलाच. माझ्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी तोंडाला ओढणी बांधून ती गोंदियाला एकटी जाऊन आली होती. नवऱ्यानंतर मी पहिलाच, हेही तिनं सांगितलं, मी पुन्हा न विचारता.

"तुयी गाठ तुया मायनं वळखली," ती म्हणाली. "मीही आंग चाचपून राहिली होती. मी कोनाले दाखवू?"

मी माफी मागितली, खरोखर मागितली. तिनं आत जाऊन चहा करून आणला. एक कप मला, एक तिला. मला वाटलं, चला, निभावलं. कपाला हात घातला आणि कडेचा टवका उडालेला दिसला. हिचं बोट कापलं असेल तर, रक्त लागलं असेल तर, एवढंच डोक्यात आलं. दोन रिपोर्ट समोर पडलेले, आणि माझा हात थांबला. क्षणभरच.

तिनं ते पाहिलं. "राहू दे," म्हणाली, आणि माझा कप उचलून मोरीत ओतला.