मी ओवाळलं नाही

तो माझं सोंग घेऊन आला होता. माझ्यासारखीच फिकट निळी साडी, पदर कमरेला खोचलेला. गळ्यात बिस्किटाच्या डब्याचा कॅमेरा. ओठांना लाली थापलेली, छातीला करवंट्या. माझ्या दुकानासमोर उभा राहून तो ओरडला, "हासा, हासा. नवरा पळी गया, आते तुम्हीज हासा."

सगळी गल्ली हसली. धुळ्यातली आमची गल्ली, धुळवडीची मिरवणूक. दरवर्षी पुरुष बायकांची सोंगं घेऊन निघायचे. कुणी सासू, कुणी मास्तरीण, कुणी भाजीवाली. वडिलांच्या मागे फोटो स्टुडिओ मीच चालवत होते, त्यामुळे मिरवणुकीचे फोटोही मीच काढायचे.

सगळी सोंगं वाईट नसतात. एक टेलर शालू नेसून असा चालायचा की गच्चीवरच्या बायका हसायचं विसरायच्या. तो कुणाची टिंगल करत नव्हता. त्याला ते मनापासून आवडायचं. त्याचे फोटो काढताना मी रोलचा विचार करायचे नाही.

हा वेगळा. मिरवणूक काढणाऱ्या मंडळाच्या आबांचा मुलगा. आबा कापसाच्या जिनिंगचे मालक, गल्लीतलं मोठं घर. आमच्या जातीला त्यांच्या ओसरीपुढे पाऊल नव्हतं. त्यांच्या लग्नात फोटो काढायला मी चालायचे, जेवायला मात्र मांडवाबाहेर. त्यात मी नवऱ्याने टाकलेली. पळूनबिळून गेला नव्हता तो. राजरोस दुसरी करून बसला होता.

आमच्याकडे रीत आहे. सोंग दारात आलं की त्या घरच्या बाईने त्याला ओवाळायचं. आणि सोंगाचा राग धरायचा नाही. कुणीतरी दिवा लावलेलं ताट माझ्या हातात दिलं. आबा स्वतः पुढे आले. "ववाळ व पोरी. रीत शे."

पोरगा मान वाकवून उभा राहिला. मग डोळा मारून त्याने करवंट्या हलवल्या. पुन्हा हशा. रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण मी रडले असते तर त्यांना आणखी एक तमाशा फुकट मिळाला असता.

मी ताट पायरीवर ठेवलं. दिवा विझला. बायकांनी तोंडाला पदर लावला. मी कॅमेरा उचलला. मारलेला डोळा, करवंट्यांवरचे हात, मागे पोट धरून हसणारे आबा. सगळं घेतलं. पहिल्या खटक्याला तो हसत होता. नंतर हसू उतरलं. "बस व आते," तो म्हणाला. मी थांबले नाही.

मिरवणुकीचे फोटो मी दरवर्षी दुकानाच्या काचेत लावायचे. त्याही वर्षी लावले, आणि मधोमध हा. मग आबा आले. एकटे. आवाज मऊ.

"मना पोरनं लगीन ठरी ऱ्हायनं. रावेरना पाव्हना येई ऱ्हायनात. तो फोटो काचमाईन काढी टाक व माय."

"का आबा? चांगला आलाय."

"चार लोक देखतंस. घरनी आब्रू जाई."

"चारचौघांत माझी गेली तेव्हा तुम्ही हसत होतात. तेच फोटोत आहे."

आबांचा चेहरा बदलला. तोंडातलं 'माय' गेलं, 'पोरी' गेलं. "तुले या गल्लीमा एक लगीननं काम भेटाव नही."

नाही भेटलं. त्या मोसमात एकाही मोठ्या घराने मला बोलावलं नाही. मी वस्तीतली लग्नं धरली, खेड्यातल्या शाळांचे वर्गफोटो काढले. कोरडी भाकर खाल्ली, पण काचेतला तो फोटो हलवला नाही. उन्हाने तो पिवळा पडला. निगेटिव्ह माझ्याकडे होती. नवा धुऊन लावला.

अजूनही धुळवडीला मी रस्त्यातच उभी असते, कॅमेरा घेऊन. ज्याला माझं सोंग घ्यायचं त्याने खुशाल घ्यावं. ओवाळणार नाही. फोटो काढीन, काचेत लावीन, आणि खाली त्याचं नाव लिहीन. बापासकट.