बिअरला हवा लागू द्यायची नाही

घरी बिअर करायचं खूळ माझं, आणि ती चाखून नाक मुरडायचं काम बायकोचं. मागच्या दोन्ही खेपांना तिनं एकेक घोट घेतला आणि जाहीर करून टाकलं, "भिजका पुठ्ठा!" बाई खोटं बोलत नाही, हेच तर दुखणं. चव खरंच पुठ्ठ्याची होती. आंबवायच्या पिंपातून केगमध्ये, म्हणजे उंच स्टीलच्या टाकीत भरताना बिअरला हवा लागली की तिची हीच गत होते.

तिसऱ्या खेपेला पैज लागली. पुठ्ठा निघाला तर माझा जुना फ्रिज तिच्या श्रीखंडाच्या ऑर्डरींना जाणार आणि माझं खूळ कायमचं बंद. निकाल तिनंच द्यायचा. आता बोला! जिला फ्रिज पाहिजे तीच न्यायाधीश. तरी मी हो म्हणालो, कारण या खेपेला मी हवेला दारातसुद्धा उभं करणार नव्हतो.

आधी केग काठोकाठ पाण्यानं भरला, झाकण आवळलं आणि सोडावाल्याकडून आणलेल्या सिलिंडरचा गॅस सोडून सगळं पाणी नळीतून बाहेर ढकललं. आत उरला नुसता गॅस, हवा नावाला नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, अंबडहून मोसंबीची पिशवी घेऊन आलेले. खुर्ची ओढून बघत बसले होते.

"पाव्हणे, आधी भरून राह्यले आन् मंग सगळं सांडून राह्यले! डोकं बराबर हाये ना?"

"दाजी, तुमच्याच बागेतल्या मोसंबीची साल घातलीय यात. गप बसा, नाहीतर थेंब मिळणार नाही."

दाजींनी खुर्ची आणखी पुढं ओढली.

मग स्टुलावरच्या पिंपाचा नळ सोडला. बिअर नळीतून सळसळत केगच्या बुडाशी उतरायला लागली आणि केगमधला गॅस दुसऱ्या नळीनं वर पिंपात. कुठं फट नाही, कुठं झाकण उघडं नाही. मला नाचावंसं वाटलं. नाचलोच थोडा! "अहो, दाजी बसलेत, लाज वाटू द्या," बायको म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

तेवढ्यात धार बंद. नळीत बिअर जागच्या जागी उभी.

"हवा धरली नळीनं!" दाजींनी बसल्या जागेवरून वाकून पान्हा उचलला. "मोटारीनं हवा धरली की आमी काय करतो? जॉइंट ढिला! फुस्सकन हवा निघती, मंग पाणी चालू."

शेतातल्या पाइपलाइनला ते अगदी बराबर. इथं जॉइंट ढिला झाला की हवा आत आणि माझं वाट्टोळं. मी "अहो दाजी!" म्हणेपर्यंत पान्हा जॉइंटला लागलासुद्धा.

आणि बायकोनं झेप घेतली. केगला दोन्ही हातांनी कवळा घालून ओरडली, "हात लावाल तर बघा! हवा जाईल ना आत!"

दाजी दचकले. पान्हा जागीच थांबला. अगं बाई, हवा गेली तर फ्रिज तुझाच की! पण तिच्या ते ध्यानातच नव्हतं. इतकी आवडली ती मला त्या क्षणी, काय सांगू. कवळा न सोडता तिनं खाली बघितलं.

"दाजी, पाय उचला."

नळी दाजींच्या टाचेखाली होती! पाय उचलला, धार चालू. आम्ही तिघं एवढे हसलो की मला फरशीवर बसावं लागलं.

केगमधल्या बिअरमध्ये गॅस नीट मुरला, तेव्हा चाखायला दाजी परत हजर. मी ग्लास भरून बायकोपुढं ठेवला. तिनं एक घोट घेतला. फ्रिजकडं बघितलं. नुसतं 'पुठ्ठा' म्हणायचा अवकाश, तिला खोटं कोण पाडणार होतं? परत एक घोट. मग बघता बघता ग्लास रिकामा.

"मंग? पुठ्ठा का?" दाजींना धीर धरवेना.

"न्हाई हो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "लई झकास झाली, मेली!" आणि ग्लास माझ्यापुढं आदळला. "फ्रिज गेला चुलीत. भरा अजून!"