डाळिंबी शेड

गावात मला 'पावडरवाली' म्हणतात. कॉस्मेटिक कंपनीच्या फॉर्मवर मी 'प्रतिनिधी' आहे, पण तो शब्द आमच्या वेशीच्या आत कधी आलाच नाही. पाथर्डीहून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव. कुरिअरवाला एवढ्या आत येत नाही. माझं पार्सल पाथर्डीच्या एका मोबाईलच्या दुकानात पडतं, मग जीपवाल्याला दहा फोन करायचे, मग तो ते सीटखाली टाकून आणतो आणि वर पेंडीचं पोतं ठेवतो. एप्रिल-मे महिन्यात लिपस्टिक मऊ होऊन टोपणाला चिकटून बसतात. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जातं, म्हणजे निम्मं गिऱ्हाईकही जातं.

या सगळ्याची सवय झाली. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची, की आमच्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर माणूस पुढच्या दाराला तरी जाईल. इथे बायका बसायला घालतात, चहा करतात, कॅटलॉग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळतात, हाताच्या पाठीवर चार-चार शेड लावून घेतात आणि म्हणतात, "घिऊ की, तू काय परकी हाय व्हय? फुडच्या महिन्यात बघू." चार वर्षं मी तो पुढचा महिना शोधते आहे. आमचे हे म्हणतात, तू कंपनीची नाही, चहाची प्रतिनिधी आहेस. मला राग येतो.

या कामात माझ्याबरोबर एकच बाई खरी उभी राहिली, ती म्हणजे शेजारची सून. वय जेमतेम सव्वीस. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा मोटरसायकलवरून येताना अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. सासू-सासरे, दीर आणि ती एवढंच घर. दुपारी बारा ते चार ती माझ्याकडे यायची. पार्सल फोडायची, नावाच्या चिठ्ठ्या लावायची, मोबाईलवर ऑर्डर भरायची. बारावी झालेली होती आणि माझ्यापेक्षा सरस होती. कुठल्या बाईच्या रंगाला कुठली शेड जाईल हे ती न बघता सांगायची. मी एकदा तिला म्हटलं, तू स्वतःच प्रतिनिधी हो. तिने चार दिवस विचार केला आणि सासूला विचारलं. शेजारच्या काकू, म्हणजे तिची सासू, म्हणाल्या, "सक्रांत हू दे, मग बघू." फॉर्म आम्ही दोघींनी भरून तिच्याकडेच ठेवला. काकूंनी हो म्हटलं की तो कंपनीला पाठवायचा. तिच्या आयुष्यातली तेवढीच एक गोष्ट तेव्हा पुढे सरकत होती, आणि ती माझ्या हाताला धरून सरकत होती.

संक्रांतीनंतर मी घरी हळदीकुंकू ठेवलं. खरं सांगायचं तर धंद्यासाठीच ठेवलं. कंपनीच्या नगरच्या मॅडमनी फोनवर शिकवलं होतं की वाण म्हणून क्रीमच्या छोट्या पुड्या द्या आणि बायका बसल्या आहेत तोवर शेड दाखवा. शेजारच्या सुनेला मी हळदीकुंकवाला बोलवलं नव्हतं. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला बोलवत नाहीत. ती तिळाचे लाडू वळायला आणि चहा करायला आली होती, आणि स्वयंपाकघरातच बसणार होती. हे आम्ही दोघींनी एक शब्दही न बोलता ठरवलं होतं. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

पंचवीस-तीस बायका आल्या. मी नेहमीसारखी हाताच्या पाठीवर शेड लावून दाखवायला लागले, तर मागून एक म्हातारी ओरडली, "आगं, हाताला लिपिष्टिक लावून कोन हिंडतंय? तोंडाला लावून दाव की!"

सगळ्या हसल्या. बरोबरच होतं तिचं. पण लावायची कुणाला? ज्या तरुण होत्या त्यांच्या सासवा भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासूदेखत ओठ रंगवून घेणारी सून आमच्या गावात अजून यायची आहे. मी स्वतःला लावावी तर माझ्या सासूबाई समोरच वाण वाटत होत्या. मी खोलीभर नजर फिरवली आणि मला एकच जण अशी आठवली की जिची सासू अजून आलेली नव्हती. मी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "इकडे ये गं जरा."

एवढाच विचार मी केला. सासू नाही ना, मग झालं. दुसरं जे डोक्यात यायला हवं होतं, जे खोलीतल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात होतं, ते माझ्या डोक्यात आलंच नाही. इतका धंदा डोक्यात भरला होता.

ती पदराला हात पुसत आली. "मी नको, ताई," ती हळू म्हणाली. मी म्हटलं, "मिनिटभर बस गं." तिची हनुवटी धरली आणि हातातली शेड तिच्या ओठांना लावली. कंपनीने त्या शेडला ठेवलेलं इंग्रजी नाव कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही दोघी तिला डाळिंबी म्हणायचो. बायका पुढे वाकल्या. मग एक जण म्हणाली, "कंचा नंबर हाय गं ह्यो?" आणि बघता बघता सगळ्याच बोलायला लागल्या. सासवांच्या कानाशी लागून सुना, सुनांच्या आडून सासवा. एका शेडच्या अठरा ऑर्डरी! चार वर्षांत असं झालं नव्हतं. मी लिहीत सुटले. ती आरसा हातात धरून तिथेच बसली होती.

तेवढ्यात काकू आल्या. दारात थांबल्या, सुनेकडे बघितलं, आत आल्या. माझ्याकडून हळदीकुंकू घेतलं, मला लावलं, वाण घेतलं, सासूबाईंशी दोन शब्द बोलल्या आणि "येते" म्हणून गेल्या. आवाज नाही, कपाळाला आठी नाही. मला वाटलं, त्यांना काही वाटलं नाही. संध्याकाळी मॅडमनी व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो टाकून टाळ्या वाजवल्या. मी हवेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः आल्या. हातात चार घड्या घातलेला फॉर्म.

"ह्ये तुझं तुझ्यापाशी ठिव."

"काकू, चूक माझी आहे. ती नको म्हणत होती, मीच बळं बसवलं तिला."

"तू बसवनारच. तुझा धंदा हाय त्यो. पर आमाला ह्या गावात ऱ्हायचंय."

"अहो, रंगच होता नुसता. पुसला की गेला असता."

काकू रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या. "मंग मी आल्याव तिनं पुसला का न्हाई?" त्या म्हणाल्या.

फॉर्म उंबऱ्यावर ठेवून त्या गेल्या.

त्या आठवड्यात ऑर्डरी गळायला लागल्या. एकीच्या मालकांना तो रंग आवडेना, एकीची नणंद तसलीच आणणार होती, एकीचे ओठ उलतात म्हणे. एकीने मात्र सरळ सांगितलं, "तिच्या व्हटाला लावल्याला रंग म्या कसा लावू? तूच सांग." हिनेच त्या दिवशी सगळ्यात आधी नंबर विचारला होता. मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण मी काय केलं? "बरं" म्हणाले आणि तिच्या घरचा चहा पिऊन आले. पार्सल मात्र आलं, कारण ऑर्डर कंपनीला आधीच गेली होती. अठराच्या अठरा डाळिंबी. मॅडम म्हणाल्या, परत घेता येत नाही, जोर लावा. कशावर जोर लावू, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी दोनदा शेजारी गेले. काकूंनी दार लावलं नाही की टाकून बोलल्या नाहीत. सतरंजी टाकली, चहा दिला. "आत हाय, कामात हाय," एवढंच. आत भांड्यांचा आवाज येत होता. मी त्या आवाजाकडे तोंड करून चहा प्यायले आणि उठून आले. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं.

मार्चमध्ये टँकर सुरू झाले. एका सकाळी रांगेत ती माझ्या पुढेच आली. काकू एक हंडा घेऊन घराकडे गेल्या होत्या, परत यायला पाच मिनिटं तरी लागणार होती. ती वाळली होती. मी घाईघाईने म्हणाले, "चुकलं गं माझं."

"तुमचं काय चुकलं, ताई?"

"पण काकू दारात दिसल्या तेव्हा तू लगेच पुसायचं होतंस गं. एवढं झालं नसतं. त्यांनी विचारलं मला, मला काही सांगता आलं नाही."

ती पाईपच्या धारेकडे बघत होती. "मला समद्यात आधी दिसल्या त्या. पुसलं तर फॉर्म कंपनीला जाईल, न्हाई पुसलं तर न्हाई जायचा, ह्येबी कळत हुतं."

"मग?"

"दोन वर्सांनी आरशात मी दिसले हुते, ताई. लगीच कशी पुसू?"

काकू वळणावर दिसल्या. तिने पदर पुढे ओढला, हंडा डोक्यावर घेतला आणि त्यांच्या दिशेने चालू लागली. मागची बाई माझ्यावर ओरडत होती, माझा हंडा हातातच होता आणि पाणी वाहून जात होतं. तिचं दार माझ्या दारापासून वीस पावलांवर आहे. तिने का पुसलं नाही हे काकूंना जाऊन सांगावं असं मला रोज वाटतं, आणि सांगितलं तर त्या घरातली तिची उरलीसुरली जागाही जाईल हे कळतं, म्हणून मी सांगत नाही.