महिपतचे पांढरे दात

आमच्या नाटकांचा पडदा मुर्ध्याच्या महिपतने कित्येक वर्षं ओढला. टाळ्या आमच्या वाट्याला आल्या, दोरीचे घट्टे त्याच्या. तंबाखू आणि चहाने दात तपकिरी झालेले, म्हणून फोटोत कायम ओठ मिटलेले. पण लेकीचं, भूमिकाचं, लग्न ठरलं आणि गडी हट्टाला पेटला.

"तात्या, पोरीच्या लग्नाच्या फोटूत मी दात दाखवून हसनार. पयल्यांदाच!"

जेसल पार्कातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच त्याला घेऊन गेलो. बाईंनी दात उजळून दिले आणि बजावलं, "थोडे दिवस दातांत कळा येतील, हिरड्या चुरचुरतील. घाबरू नका, आपोआप कमी होईल. पण दोन दिवस चहा, रस्सा, हळद बंद. पांढरं तेवढंच खायचं."

महिपतने मान डोलावली. मीही डोलावली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात हळद आहे, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या परतीच्या रिक्षात ध्यानात आलं.

हळदीला नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. मांडवात मटणाच्या पंगती बसल्या. व्याही राघो जेवतोय आणि शेजारी यजमान महिपत दहीभात चिवडतोय! आगऱ्यांच्या हळदीत यजमानाने दहीभात खाणं म्हणजे नायकाने भर प्रयोगात जांभई देणं.

राघोचा हात थांबला. "काय व्याही? आमच्यासंगती मटान खायाला मन न्हाय?"

"तसं न्हाय हो. दात जरा..."

"परवापरयंत हाडं फोडत व्हता की!" मागून कुणी टोमणा मारला. "सोयरीक पसंत न्हाय वाटतं."

हळदीने माखलेली भूमिका बापाकडे बघत राहिली. महिपतने तिच्याकडे एकदा पाहिलं, दहीभात बाजूला सारला आणि व्याह्यापुढे तोंड उघडलं. राघोने स्वतःच्या हाताने घास भरवला. कढत, तिखटजाळ, पिवळाजर्द.

घास हिरड्यांना झोंबला मात्र, महिपतने मोठ्ठा आ वासला आणि डोळे घळाघळा वाहू लागले. राघोने त्याला मिठीच मारली. "अरं, रडतंस कशाला येड्या? तुझी पोर ती माझी पोर!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. फोटोग्राफरने ती वेळ बरोबर साधली.

तो फोटो आता महिपतच्या भिंतीवर आहे. सगळे दात दिसतात. येणारा-जाणारा म्हणतो, बापाची माया बघा! मी जन्मभर डोळ्यांत ग्लिसरीन घालून रडलो, एवढी दाद मला कधी मिळाली नाही.

"हसल्यावानी दिसतो ना, तात्या?" महिपत हळूच विचारतो.

"पोटभर," मी म्हणतो.