उचलून लावायचं दार

कापेमिस्त्री हे काही त्याचं आडनाव नव्हे. गाड्यांच्या पत्र्याचं काम करणाऱ्या या माणसाला लोकांनी दिलेली ती पदवी होती आणि त्याने ती कष्टाने कमावली होती. कुणी दारावरचा पोचा काढायला गाडी आणावी, तर मिस्त्री आधी लहानशी हातोडी वाजवत तिला पूर्ण चक्कर मारायचा. धड पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. भद्द वाजलं तिथे दाभण खुपसायचं, दाभण आत गेलं की कापायला घ्यायचं आणि चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबायचं नाही. पोचा राहायचा बाजूला आणि गिऱ्हाईक 'भीक नको पण कुत्रं आवर' अशा चेहऱ्याने आपल्या अर्ध्या गाडीकडे बघत उभं राहायचं.

आजूबाजूचे कारागीर गंजावर पुट्टी भरून वरून रंग मारून देत. त्याला मिस्त्री 'वरून कीर्तन, आतून तमाशा' म्हणायचा. झाकलेला गंज मरत नाही, पोसला जातो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते खरंही होतं. पण माणसाचं म्हणणं खरं असलं की त्याचा हट्टही जरा जास्तच वाढतो.

या मिस्त्रीला एक थोरली बहीण होती. तिचे यजमान, म्हणजे मिस्त्रीचे दाजी, गावोगावच्या दुकानांत औषधं पोचवायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका हिरव्या गाडीत घालवली. ताईला बाळंतपणाला तीच गाडी घेऊन गेली आणि मुलगी परदेशी निघाली तेव्हा तिचं सामानही तिच्यातूनच गेलं. आता दाजींना विसर पडायला लागला होता. आधी नावं गेली, मग चेहरे. मिस्त्री समोर बसला तर ते त्याला आदराने 'अहो' म्हणायचे. ज्यांनी जन्मभर टपली मारून 'काय रे' म्हटलं, त्यांच्या तोंडचा हा आदर त्याला सहन व्हायचा नाही.

संध्याकाळ झाली की दाजी अस्वस्थ व्हायचे. घरातच बसून 'घरी जायचंय' म्हणायचे. दार ओढायचे, समजूत घालायला गेलं की रडायचे. ताईने त्यावर उपाय शोधला होता. ती त्यांना अंगणातल्या गाडीत नेऊन बसवायची आणि शेजारी आपण बसायची. दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. गाडी कधीची बंद होती, पण त्यांचा श्वास हळूहळू संथ व्हायचा. मग ताई म्हणायची, "आलं बरं का घर," आणि दोघं उतरून आत जेवायला जायची.

एका संध्याकाळी तळाचा पत्रा फाटला आणि दाजींच्या सीटचा एक पाय त्यातून खाली गेला. घोट्याला खरचटलं. ताईने भावाला बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, की गाडी रस्त्यावर न्यायची नाही, फक्त सीट नीट उभी राहील एवढंच कर. मिस्त्रीने हातोडी वाजवली. भद्द, भद्द, भद्द. गाडी दुसऱ्याच दिवशी ओढून कारखान्यात नेली.

तळ कापला तर गंज दारांखालच्या पट्ट्यांत शिरलेला निघाला. पट्टी उघडली तर तो दाराच्या खांबात चढला होता. पट्ट्या कापल्या की गाडी मधोमध बसते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत, म्हणून मिस्त्रीने आधी आडवे पाइप जोडून सांगाडा ताठ बांधून घेतला, मग एकेक बाजू घेतली. काम खरोखर देखणं चाललं होतं. ताईचा फोन यायचा. दाजी रोज अंगणात गाडी शोधतात, एकदा फाटकाबाहेर रस्त्यावर गेले, शेजाऱ्यांनी धरून आणलं. "जेवढं झालंय तेवढ्यावर आणून दे रे," ती म्हणायची. हा म्हणायचा, झालंच, आता दारच तेवढं राहिलंय.

खरं सांगायचं तर त्याला थांबता येत नव्हतं. दाजींच्या डोक्यात जे चाललं होतं, तिथे त्याचं काही चालत नव्हतं. पत्रा तरी ऐकत होता. कुजलेलं कापावं, नवं जोडावं आणि ते जोडलेलं टिकावं, एवढं एक समाधान त्याला त्या दिवसांत होतं आणि ते तो सोडायला तयार नव्हता.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार खालून चाळणी झालं होतं आणि बिजागरी झिजून ओघळलेलं होतं. ते त्याने काढून कोपऱ्यात टाकलं. तसंच दुसरं धड दार मिळवून बसवलं, बिजागऱ्या नव्या घातल्या, हिरवा रंग घोटून घोटून जुन्याला जुळवला. दार असं बसलं की एका बोटाने ढकलावं आणि चक् करून लागावं. आयुष्यात त्याने इतकं नेटकं दार बसवलं नव्हतं.

गाडी अंगणात आली त्या संध्याकाळी दाजी लगबगीने पुढे झाले, आत बसले. मिस्त्रीच्या जिवात जीव आला. मग दाजींनी दार धरलं, मनगटाने वर उचललं आणि ओढलं. दार आपलं अलगद लागलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा उचलून ओढलं. हाताला जे वजन लागायला हवं होतं ते लागत नव्हतं. तिसऱ्यांदा ओढून झाल्यावर ते घाईने खाली उतरले. चेहऱ्यावर परक्या घरात शिरल्यासारखी शरम होती.

"ही आपली नाही," ते ताईला म्हणाले. "चल लवकर. मालक येतील."

आणि ते फाटकाकडे निघाले. त्यांना परत आणून झोपवेपर्यंत ताईच्या अंगातलं त्राण गेलं होतं. बाहेर आल्यावर ती भावाला बोल लावेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "गाडी सुंदर झाली रे." ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं, ताई."

"तू गाडी केलीस," ती म्हणाली. "मी माणसासाठी मागितली होती."

सकाळी तो कारखान्यात गेला तेव्हा जुनं दार कोपऱ्यातच होतं. त्याने ते उचलून टेबलावर ठेवलं. तळ आणि पट्ट्या नव्याच राहणार होत्या, त्यांच्यावर माणूस बसतो, तिथे तडजोड नाही. पण दार? दारावर कुणाचा जीव टांगलेला नव्हता. त्याने खालचा गंज ब्रशने झाडला, तेल पाजलं आणि कटर हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. कटर पुन्हा खिळ्याला अडकवला. मग त्याने गाडी पुन्हा कारखान्यात ओढून आणली आणि झिजलेल्या बिजागऱ्या शोधून काढल्या. पहिल्यांदा दार फारच ओघळलं, दुसऱ्यांदा कमी. दाजींच्या शेजारी बसून केलेले प्रवास आठवत, मनगटाने दार उचलून बघत, तो दिवसभर आपलंच नेटकं काम बिघडवत बसला. शेजारच्या कारागिरांनी आधी थट्टा केली. त्याचा चेहरा बघून मग ते आपापल्या कामाला लागले.

संध्याकाळी अंगणात परतलेल्या नव्या हिरव्या गाडीला विटक्या हिरव्या रंगाचं, खालून कुरतडलेलं दार लागलेलं होतं. दाजी आले. बसले. दार धरलं, उचललं, ओढलं. खट्. त्यांनी मान हलवली आणि हात स्टिअरिंगवर ठेवले. ताई पलीकडून येऊन बसली.

मिस्त्री खिडकीशी उभा होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीने बोलले.

"जरा उचलून लावावं लागतं, मिस्त्री. सवय झालीय."

"नीट करून देऊ का?"

"नको, नको." दाजी खिडकीतून थोडे बाहेर वाकले, आवाज खाली आणला. "माझा मेव्हणा पत्र्याचंच काम करतो. हातात जादू आहे पोराच्या. पण त्याला सांगितलं ना, तर तो सगळी गाडीच नवी करून ठेवेल. मग मी कशात बसू?"

ताईने तोंड दुसरीकडे वळवलं. मिस्त्रीने विटक्या दारावर हात ठेवला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "मीही नाही सांगत त्याला."