पट्टी जाळीची की पोटातली

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण रेल्वेच्या कारखान्यात, हातात पाना धरून. जळगावहून लखनौला आलो तो इथलाच झालो. चारबागच्या मागे दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या.

आमच्या मंडळींना खोकलं, शिंकलं, बादली उचलली की लघवी सुटायची. किती वर्षं, देव जाणे. मला कळलं ते गणपतीत. इथली मराठी घरं मिळून गणपती बसवतात आणि आरतीचा वरचा सूर हिचाच. त्या साली ही दाराशी उभी राहून नुसते ओठ हलवत होती. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "सूर लावला की लुगडं भिजतं. पुढच्या वर्षी मी येणारच नाही."

डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितले. हिनं ते काही महिने नेमानं केले, फरक थोडाच पडला. मग ऑपरेशनची गोष्ट निघाली.

बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. एक पट्टी प्लास्टिकच्या जाळीची, लघवीच्या नळीखाली झोळीसारखी बसवायची. चीर लहान, लवकर घरी. पण जाळी जन्मभर आतच. काहींना पुढे दुखते, रुतते, आणि काढणं सोपं नसतं. दुसरी पट्टी हिच्याच पोटातल्या जाड पडद्याची. परकं काही नाही, पण पोटावर मोठी चीर, भरून यायला वेळ, आणि सुरुवातीला लघवी अडली तर काही दिवस नळी. गुण दोन्हींचा जवळपास सारखाच. सुईनं औषध भरायचाही उपाय होता, पण तो फार टिकत नाही म्हणाल्या.

"जाली लगा दीजिए," मी म्हणालो. "हमारे घुटने में भी तो लोहा है."

"बाबूजी, तकलीफ़ आपको है कि इनको?"

ही माझ्याकडे वळली. "थंडी पडली की त्या लोखंडाच्या नावानं शिव्या कोण देतं? ऐकते मीच ना? मला आत परकं काही नको. माझं माझ्यातलंच घेऊ दे त्यांना."

"अगं, किती दिवस पडून राहशील!"

"राहीन. आजवर कधी राहिलेय?"

बाईंना मराठी येत नव्हतं, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. हसून म्हणाल्या, "कुछ भी करवाइए, कई हफ़्ते वज़न नहीं उठाना है. घर में पानी कौन भरता है?"

"इन्हीं से पूछिए," ही म्हणाली.

पोटातल्याच पट्टीचं ठरलं. ऑपरेशनची तारीख हिनंच ठरवली.

रिक्षातून परतताना अर्ध्या रस्त्यात ही म्हणाली, "रुसलात?"

"मी कशाला रुसू? पोट तुझं."

"पुढच्या गणपतीत सूर लावायचाय मला."

"मग लाव की. अडवलंय कुणी?"

आमच्याकडे नळाचं पाणी वर चढत नाही. पहाटे खालच्या नळावरून आणावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ही उठायच्या आत मी बादली घेऊन खाली उतरलो. नळावरचा शेजारी म्हणाला, "अरे दादा, आज आप? भाभीजी कहाँ हैं?"

"सो रही हैं," म्हटलं, आणि अर्धी बादली भरून, कठडा धरत धरत वर चढलो.