‘जातो’ म्हणून निघालेले

मुलांनो, घरातून निघताना आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. जाणारा परत यावा म्हणून. माझे वडील मात्र दूध आणायला निघाले तरी ‘जातो’ म्हणायचे. आई कानांवर हात ठेवायची.

त्याचं कारण इटलीत होतं. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीतले शिपाई. पकडले गेले आणि युद्धकैद्यांच्या छावणीत दगड फोडायच्या कामावर लागले. एका सकाळी इतकं दाट धुकं उतरलं की पहारेकरी दिसेना. वडील आणि त्यांच्या गावचा जोडीदार तारेखालून निघाले. गावच्याच तिसऱ्या सोबत्याचा पाय सुजला होता, तो मागे राहणार होता. सवयीने वडील त्याला म्हणाले, “येतो रं.”

तोंडावर हात दाबून तो हसला. “परत यायचं हाय व्हय हितं? जातो म्हण, लेका!”

“जातो.”

पुढे तटस्थ स्वित्झर्लंडपर्यंत डोंगरच डोंगर. साताऱ्याकडच्या या दोघांनी बर्फ पाहिला होता तो सरबतवाल्याच्या गाडीवर. बुटांवर गोणपाट गुंडाळलेलं, खिशात एका शेतकरणीने दिलेले भाजके चेस्टनट. शेवटच्या खिंडीखाली जोडीदार बर्फात बसला. “तू हो पुढं. मी येतो.”

वडिलांनी त्याची कॉलर धरली. “आपल्यात ‘येतो’ कोण म्हणतं रं? जाणारा! बसणारा न्हाई. ऊठ.” शिव्या देत, ओढत, त्यांनी त्याला खिंडीपलीकडे नेलं. युद्धानंतर तिघेही गावी भेटले. आमच्या ओट्यावरून उठताना तिघेही मोठ्याने ‘जातो’ म्हणत, आणि आई आत भांडी आपटत असे.

हे आत्ता सांगते, कारण आज मीही निघाले. खुब्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या बाबांनी मेलबर्नहून सोय करून मला इथल्याच, एडिनबरातल्या, केअर होममध्ये ठेवलं होतं. थोडे दिवस म्हणून. माणसं चांगली होती, चहा मात्र पाणचट. मग फोन आला, “आई, तिथेच राहा ना कायमची.”

“मी घरी जाणार आहे.”

“तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाहेर बर्फ!”

“तुझे आजोबा आल्प्स चढले.”

“ते पंचवीस वर्षांचे होते गं!”

“आणि त्यांच्याकडे काठी नव्हती.”

कॉरिडॉरमध्ये रोज चालत होते, फिजिओथेरपिस्टने जिनाही चढवून घेतला होता. डॉक्टरांचा होकार मिळाला तशी बॅग भरली. दारातली नर्स म्हणाली, “सी यू सून!” मी मराठीत, नीट आवाजात म्हणाले, “जाते.”

आमच्या जिन्यावर दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक होतं. मग पुढे चढवेना, मी पायरीवर बसले. पायरी थंडगार. टॅक्सीवाला बॅग घेऊन वर पोचला होता. त्याने वरून हाक मारली, “ऑल राइट, लव्ह?” तुम्ही व्हा पुढे, मी येते, असं इंग्रजीत अगदी ओठांवर आलं होतं.

ते शब्द मी गिळले. कठडा धरला. “ऊठ,” स्वतःलाच म्हणाले, आणि वडिलांची एक शिवीही घातली. ती इथे लिहीत नाही.

हे माझ्या स्वयंपाकघरातून लिहिते आहे. चहा आल्याचा आहे. बाबांना सांगा, आजी पोचली.